हुंबरळीच्या भेकाची हजेरी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनानगरजवळ, हुंबरळी नावाचं गाव आहे. १९६३ मध्ये सोमण या प्राणिशास्त्रज्ञांनी या गावच्या परिसरातला एक लहानसा भेक शास्त्राच्या दप्तरी दाखल केला आणि त्याला कोयनेचंच नाव दिलं, ‘कोयनायेन्सिस’. भेक म्हणजे खरबरीत कातडीचा, लांब उड्या न मारता टुणटुणत चालणारा बेडूक. पावसाळ्यात घराच्या पायरीशी, दिव्याखाली किडे टिपत बसतो तो याचाच थोरला भाऊबंद. हुंबरळीचा भेक मात्र घराकडे येत नाही. लांबी जेमतेम चार सेंटीमीटर, अंग तपकिरी, कुशीवर पिवळेधमक डाग. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावरचा, जांभ्याचा कातळ हेच त्याचं घर.

कोयना धरण तेव्हा पुरं होत आलं होतं. त्याच्या जलाशयाचं, शिवसागराचं, पाणी चढत होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला, सड्यांवर, हा प्राणी कुणाच्या खिजगणतीत नसताना आपली वीण वाढवत होता. पुढे २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नव्यानं अभ्यास केला. हा इतर भेकांपासून फार पूर्वी फुटून निघालेला वंश आहे, असं त्यातून दिसलं. या वंशात दोनच जाती आहेत, एक कोयनेची आणि दुसरी आंबोलीची. कोयनेच्या जातीच्या नोंदी कोयना ते चांदोली या पट्ट्यातल्या मोजक्या जागांवरच्या आहेत. म्हणजे सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या डोंगरमाथ्यावरची ही काही ठिकाणं, एवढंच तिचं जग. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची गणना संकटग्रस्त जातींमध्ये होते.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, सासर शिराळ्याचं. कराडच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवलं. विद्यार्थी दर वर्षी एक प्रश्न हमखास विचारायचे, “मॅडम, वाघाचं कळतं, शिकार झाली, जंगल गेलं. पण बेडकाची अख्खी जात नाहीशी होते ती कशानं?” प्रश्न सरळ आहे, उत्तर तसं नाही. ते सांगायला मला नेहमी आधी समुद्रापार जावं लागे.

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे. तिथल्या माँटेवेर्दे डोंगरावर ढगांत भिजत राहणारं दाट जंगल आहे. १९६४ मध्ये जे सॅव्हेज या शास्त्रज्ञाला तिथे सोनेरी भेक दिसला. नर झळझळीत नारिंगी, मादी काळपट आणि अंगावर तांबडे ठिपके. दहा चौरस किलोमीटरच्या आतल्या त्या डोंगरकण्याखेरीज हा प्राणी जगात कुठेही नव्हता. वर्षभर तो जमिनीखाली दडून राही. पावसाच्या तोंडावर थोडे दिवस बाहेर येई, झाडांच्या मुळांत साठलेल्या पाण्यात अंडी घाली आणि पुन्हा दिसेनासा होई.

१९८७ च्या पावसाच्या सुरुवातीला मार्था क्रम्प या संशोधिकेनं त्या डबक्यांशी बसून मोजणी केली. तिला पंधराशेहून अधिक भेक दिसले. पण पाऊस लांबला, डबकी आटली आणि अंडी तिथेच सुकली. सुमारे ४३,५०० अंड्यांमधून आठवडाभर तग धरलेली पिल्लं निघाली फक्त २९. पुढच्या वर्षी साऱ्या जंगलात मिळून दहाच्या आसपास भेक दिसले. १५ मे १९८९ रोजी एकच नर दिसला. त्यानंतर कुणालाही काही दिसलं नाही. २००४ मध्ये ती जात नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

त्या जंगलात कुऱ्हाड चालली नव्हती. तिथे धरण नव्हतं, कारखाना नव्हता. १९७२ पासून ते राखीव होतं, आणि त्याच्या रक्षणासाठी लोकांनी जे प्राणी डोळ्यांपुढे ठेवले होते त्यांत हा सोनेरी भेकही होता. इतकं करूनही तो गेला, आणि एकटा गेला नाही. त्या परिसरातल्या तीस चौरस किलोमीटरच्या टापूत बेडकांच्या सुमारे ५० जाती होत्या; त्यांतल्या २० नाहीशा झाल्या.

मग कारण काय? गेली पस्तीस वर्षं यावर वाद चालू आहे. सुरुवातीचा संशय दुष्काळावर गेला. १९८६-८७ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो होता आणि माँटेवेर्देत पावसानं ओढ दिली होती. १९९९ मध्ये ॲलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हवा तापत चालल्यानं ढगांचा थर वर सरकतो आहे, त्यामुळे जंगलातले धुक्याचे दिवस कमी होऊन कोरडे दिवस वाढले आहेत. त्याच सुमाराला एका बुरशीचा शोध लागला आणि संशय तिच्याकडे वळला. २००६ मध्ये पाउंड्स यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. त्यांच्या मते हवामान बदललं, ते बुरशीला मानवलं आणि बेडूक मेले. २००८ मध्ये कॅरन लिप्स आणि सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की बुरशी एका डोंगरावरून दुसऱ्यावर लाटेसारखी पसरत गेली आहे, तिला हवामानाच्या मदतीची गरजच नव्हती. २०१० मध्ये तिथल्या झाडांच्या खोडांतून काढलेल्या नमुन्यांवरून शंभर वर्षांच्या ओल्या-कोरड्या ऋतूंचा माग काढला गेला. त्यात दिसलं की १९८६-८७ चा कोरडेपणा अपवादात्मक होता, पण तो एल निनोचा होता. शतकभर वाढत गेलेल्या कोरडेपणाचा पुरावा मात्र मिळाला नाही.

माझं मत सांगते. दुष्काळानं पाणी मोजक्या ओल्या फटींपुरतं उरवलं, भेक तिथे एकमेकांना चिकटून राहिले आणि त्याच वेळी बुरशी आली. नुसता दुष्काळ त्या जातीनं पूर्वीही सोसला असणार. नुसती बुरशी आली असती तर पसरलेल्या वस्तीतले थोडे तरी वाचले असते. दोन्ही एकाच वर्षी आली आणि पळून जायला दुसरा डोंगर नव्हता. मेलेले सोनेरी भेक मात्र कुणाला मिळाले नाहीत, त्यामुळे हे सिद्ध करणं आता कठीण आहे.

ती बुरशी नेमकी काय करते हे समजून घ्यायला हवं. तिला कायट्रिड म्हणतात. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीत शिरतात. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच होतो. रक्तातले क्षार सांभाळण्याचं कामही तीच करते. बुरशीनं ती जाड केली की सोडियम-पोटॅशियमचा तोल ढळतो आणि हृदय बंद पडतं. या बुरशीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं. तोवर तिनं ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतले ओढे रिकामे केले होते. २०१९ मध्ये झालेल्या एका जागतिक आढाव्यात असं दिसलं की या रोगानं किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. एकाच रोगानं इतक्या जाती गिळल्याचं दुसरं उदाहरण प्राणिसृष्टीत नाही.

ती जगभर पोचवली माणसानं. तिचं मूळ पूर्व आशियात असल्याचं २०१८ च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. विसाव्या शतकात खाण्यासाठी, पाळण्यासाठी आणि प्रयोगशाळांसाठी जिवंत बेडकांचा जगभर व्यापार झाला. १९३० नंतर तर बाईला दिवस गेले आहेत का हे पाहण्यासाठी तिची लघवी आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाला टोचत. मादीनं अंडी दिली की चाचणी खरी. त्यासाठी ते बेडूक हजारोंनी देशोदेशी गेले. असे प्रवासी बेडूक सोबत काय घेऊन जातात, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

आपल्या सह्याद्रीत ही बुरशी आहे का? आहे. नीलेश दहाणूकर, आनंद पाध्ये, संजय मोलूर आदींनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर तिचा संसर्ग दाखवला. तो वाण आशियातलाच होता. अमेरिका-ऑस्ट्रेलियासारखे मेलेल्या बेडकांचा खच पडल्याचं आशियात दिसलेलं नाही. इथले बेडूक आणि इथला वाण पुष्कळ काळ शेजारी राहिले असावेत, म्हणून असेल. पण बाहेरचा जहाल वाण बुटांच्या चिखलातून किंवा हौसेनं पाळायला आणलेल्या परदेशी प्राण्यांतून आला तर काय, ही भीती खरी आहे. या बुरशीला साधारण १७ ते २५ अंशांची हवा मानवते. कोयना-महाबळेश्वरचा पावसाळा नेमका याच तापमानाचा असतो.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. कोयनाकाठच्या माणसानं ते ऐकायलाच हवं. टांझानियात किहान्सी नदीच्या घळीत एक मोठा धबधबा होता. त्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या दोनेक हेक्टर हिरवळीवर नखाएवढे पिवळे भेक राहत. अंडी न घालता ते थेट पिल्लं देत. १९९६ मध्ये ते शास्त्रज्ञांना दिसले, तेव्हा वरच्या अंगाला वीजनिर्मितीच्या धरणाचं काम चालू होतं. २००० च्या सुमाराला जवळजवळ नव्वद टक्के पाणी बोगद्यात वळलं आणि धबधब्याचे तुषार थांबले. भेकांसाठी मग घळीत नळांचे फवारे बसवले गेले. ४९९ भेक अमेरिकेतल्या ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात हलवले. फवाऱ्यांनी थोडा जीव धरला; २००३ च्या मध्याला घळीत वीस हजारांच्या आसपास भेक होते. मग काही महिन्यांत सगळं कोसळलं. २००४ च्या जानेवारीत शोधूनही चार-दोनच दिसले. मेलेल्यांच्या कातडीत कायट्रिड सापडली. धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा वरच्या शेतांतली कीटकनाशकं गाळाबरोबर खाली आली, असाही संशय आहे. २००९ मध्ये ही जात निसर्गातून नामशेष ठरली. प्राणिसंग्रहालयांत वाढलेली पिल्लं २०१२ पासून पुन्हा घळीत सोडली जात आहेत.

धरणानं भेकाला मारलं का? एकट्यानं नाही. धरणानं त्याचं घर लहान केलं, आणि लहान घरात रोग शिरला. टांझानियाला विजेची गरज होती आणि कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला, हेही तितकंच खरं. धरणाविरुद्ध बोलण्यासाठी मी हे सांगत नाही. आपला भेक त्या मानानं नशीबवान. शिवसागर भरतो तो २१६३ फुटांपर्यंत. पाण्यानं खोऱ्यातली गावं आणि जंगल घेतलं, वरचे सडे कोरडे राहिले. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये कास, कोयना आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

राखीव जंगल म्हणजे सुरक्षित भेक असं मात्र धरता येत नाही. माँटेवेर्देही राखीवच होतं.

कोयनेच्या भेकाची सगळी मदार मिरगाच्या पावसावर आहे. उन्हाळाभर तो दगडाखाली, कातळाच्या भेगेत असतो. पहिला दमदार पाऊस झाला की सड्यावरच्या उथळ खळग्यांत पाणी साठतं. भेक बाहेर येतात, अंडी घालतात आणि हा सोहळा थोड्या दिवसांत उरकतो. खळग्यात पाणी असतं बोटभर. मध्ये आठ दिवस ऊन पडलं की ते आटतं. ढगफुटीसारखा पाऊस झाला की अंड्यांसकट वाहून जातं. दोन्ही गोष्टी आपण अलीकडे पाहिल्या आहेत. २०२३ मध्ये मृग कोरडा गेला आणि मोसमी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात इतका कोसळला की आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. माणसं गेली त्या पावसात बेडकांचं काय झालं हे विचारणं तेव्हा जिवावर आलं असतं. आता विचारायला हवं.

सड्याला आपण पडीक समजतो, हे आणखी एक दुखणं. महसुली कागदावर ही जमीन ‘पोटखराब’ असते. तिथे रस्ता काढा, खाण काढा, रिसॉर्ट बांधा, पवनचक्की उभी करा, कुणाचं काही जात नाही असा समज. एका ठिकाणी बदल केला की तो कुठवर पोचतो याचा पुरावा साताऱ्यातच मिळाला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांच्या जागा आणि मोकळ्या जागा ताडून पाहिल्या. २०१८ मध्ये त्यांनी मांडलं की पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आहेत. त्यामुळे पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढली, आणि त्यांचं वागणं व शरीरातली रसायनंसुद्धा बदलली. पवनचक्की सरड्याला हातही लावत नाही. तरी सरड्याचं आयुष्य पालटलं. पठारावर राहणारे सगळेच एकमेकांत असे गुंतलेले आहेत.

हुंबरळीचं मोल एका भेकापुरतं नाही. २००४ मध्ये याच गावातून देवगांडुळाची एक नवी जात वर्णिली गेली आणि तिला महाराष्ट्राचं नाव मिळालं, ‘महाराष्ट्राएन्सिस’. देवगांडूळ हा बेडकाचाच बिनपायाचा नातलग, मातीत राहणारा. पुष्कळ जण त्याला साप समजून मारतात. महाबळेश्वरच्या ओढ्यांतला सुरकुत्यांचा बेडूक १९५५ मध्ये नोंदला गेला. आमच्या दोन जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला अशी संपत्ती आहे, आणि पूर्वेला माण, जत, आटपाडी पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. मधल्या सपाटीवर कृष्णा-वारणेचा ऊस.

त्या उसातलाही एक मुद्दा आहे. लागणीनंतर तणासाठी ॲट्राझीन मारतात, हे वाळवा-शिराळ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. अमेरिकेत टायरोन हेज यांनी हेच तणनाशक अगदी सूक्ष्म प्रमाणात असलेल्या पाण्यात नर बेडूक वाढवले. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की दहापैकी एक नर मादी बनला आणि त्यानं अंडीही दिली. या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, पण युरोपीय संघानं हे औषध त्याआधीच बंद केलं होतं. सड्यावरच्या भेकाला ते थेट भेटत नसेल. शेतातल्या मोठ्या पिवळ्या बेडकाला मात्र भेटतं. त्या बेडकानं पूर्वीही कमी सोसलेलं नाही. त्याच्या तंगड्या परदेशी जात, ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. महाविद्यालयांत विच्छेदनासाठी तो पोत्यांनी येई. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक बेडूक असा हिशेब होता. ते बंद झालं हे फार चांगलं झालं.

एका जूनमध्ये कोयनेच्या बाजूला ज्या घरी मी उतरले होते, तिथल्या मावशी म्हणाल्या, “बाई, पयल्यावानी गलका न्हाई आता. मिरगात निजू देत न्हवती बेडकं.” असं मी शिराळ्यातही ऐकलं आहे, कराडच्या मळ्यातही. या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण गलका करणारे ते शेतातले मोठे बेडूक. सड्यावरचा चार सेंटीमीटरचा भेक कमी झाला तर गावात कुणाची झोप मोडत नाही. त्याची घट कानाला कळणार नाही. ती मोजूनच कळेल.

पावसाळ्यात आमच्याकडे पेपर उघडला की पहिल्यांदा चौकट दिसते: कोयना, नवजा, महाबळेश्वर, चोवीस तासांत किती मिलिमीटर, धरणात किती टीएमसी, किती क्यूसेक सोडलं. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी. पूर भोगलेल्या मुलखाला हे आकडे तोंडपाठ असतात, असायलाच हवेत. दर तासाला पाणी मोजणारा हा भाग आहे. त्याच्या माथ्यावरच्या, जगात इतरत्र नसलेल्या प्राण्याची वर्षातून एकदा मोजणी करणं आपल्याला जड नाही. २०२३ मधल्या जागतिक मोजमापानुसार उभयचरांच्या ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि २००४ नंतर ज्यांची अवस्था बिघडली त्यांच्या बाबतीत हवामानबदल हे सर्वांत मोठं कारण ठरलं. हे कळलं ते कुणीतरी सतत मोजत राहिलं म्हणून. माँटेवेर्देचा वाद आज होऊ शकतो, कारण १९८७ मध्ये एक बाई डबक्याशी वही घेऊन बसली होती.

म्हणून पाटण, शिराळा, कराड, इस्लामपूरच्या प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे. वनखात्याची परवानगी घ्या आणि दर वर्षी पहिल्या दमदार पावसानंतर त्याच सड्यांवर, त्याच खळग्यांशी, तितक्याच रात्री मोजणी करा. भेक हातात धरू नका. एका सड्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट घासून धुवा आणि वाळवा. गावकऱ्यांनाही सांगणं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घ्या. मिरगाचा पहिला पाऊस कधी पडला, खळगे कधी भरले, कधी आटले, भेक किती दिसले, हे तारखेसह त्यात लिहा. आणि कोयनानगरकडे पहिल्या पावसात गाडीनं येणाऱ्या पाहुण्यांनो, रात्री घाटमाथ्यावर वेग कमी ठेवा; त्या चार-सहा रात्री रस्ता भेकांचा असतो.